एमिलची वीस दगडांची परीक्षा

"एमिलला दिव्यांच्या टेबलावर बसवायचं? मग उद्या बहिऱ्याला पियानो जुळवायला बोलवा!"

डेल व्हँडरमार्क असं म्हणाला आणि आमच्या क्लबची अख्खी सभा हसली. मीही हसले. माझा सख्खा भाऊ एमिल शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी फार शहाणी होते असा कुणाचा समज व्हायला नको.

आमच्या फ्रँकलिन गावात जस्ताची खाण होती. ती कधीच बंद पडली, पण तिच्यातून निघालेले दगड अजून गावभर आहेत. कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या बागेच्या कडेला, कुणाच्या आजोबांच्या बुटांच्या खोक्यात. दिवसा बघाल तर पायरीला लावायच्या लायकीचे. पण अंधारात अतिनील दिव्याखाली धरले की निखाऱ्यासारखे पेटतात. दर शनिवारी चर्चच्या तळघरात आमच्या दगडांच्या क्लबचं टेबल लागतं. लोक दगड घेऊन येतात, टेबलावरचा माणूस ते दिव्याखाली धरतो आणि काय आहे ते सांगतो. त्या साली, म्हणजे एकोणीसशे शहाण्णवला, टेबलावरचे म्हातारे वॉल्टर फ्लोरिडाला मुलीकडे गेले आणि जागा रिकामी झाली. एमिलचं नाव कुणी सुचवलं नव्हतं. त्यानं स्वतःच हात वर केला.

अडचण एकच होती. आमच्याकडच्या दगडांत खरे मानकरी दोन. कॅल्साइट, जो दिव्याखाली लाल होतो, आणि विलेमाइट, जो हिरवा होतो. आणि एमिलला जन्मापासून लाल आणि हिरवा यातला फरक कळत नाही. दोन्ही त्याला मातकट पिवळेच दिसतात. निळा तेवढा लख्ख दिसतो.

हसू ओसरल्यावर एमिल उठला. साठी उलटलेली, पण खांदे अजून खाणीतल्यासारखेच. "परीक्षा घ्या," तो म्हणाला. "वीस दगड. अंधारात. बहीण बरोबर नको."

"आणि नापास झालास तर?" डेलनं विचारलं.

"तर वर्षभर सभेची कॉफी मी करीन."

"तुझी कॉफी? म्हणजे नापास तू आणि शिक्षा आम्हाला!"

पुन्हा हशा. डेल मनानं वाईट नाही. हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकांना हसवता हसवता त्याची जीभ सैल झालीय, इतकंच. त्याला गप्प केलं ते मिसेस ऑर्टननी. त्या जस्ताच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं रसायनतज्ज्ञ होत्या. क्लबात त्यांचा शब्द शेवटचा.

"तीन महिने देते," त्या म्हणाल्या. "दगड माझे. हातात भिंग आणि तीन दिवे. आम्ल नाही, चाकू नाही. एक चूक माफ. दुसरी झाली की विषय संपला. चालेल?"

"चालेल," एमिल म्हणाला.

घरी येताना गाडीत मी त्याला म्हटलं, "कशाला हा हट्ट? तिकिटं फाडायला बस, कॅटलॉग लिही. रंगांचंच काम का हवंय तुला?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "इर्मा, खाणीत एकतीस वर्षं काढली मी. कुणाला कळू दिलं नाही. वजनावरून, बोटांवरून ओळखत होतो मी खनिज. रोज वाटायचं, आज पकडला जाणार. आता सगळ्यांना माहीत आहे. आता मला उघड उघड करून दाखवायचंय."

हे मला नवीन होतं. आमचे ताता, म्हणजे वडील, त्याला लहानपणी म्हणायचे, "कुणाला सांगू नकोस, काम मिळणार नाही." ते मी ऐकलं होतं. पण तो एकतीस वर्षं तसा जगला, हे डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या तळघरात गेले. एमिलची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी दूर ओहायोला. मी तीन घरं सोडून राहते. त्यानं खिडक्यांना काळं कापड ठोकलं होतं आणि टेबलावर तीन दिवे ओळीनं मांडले होते. अतिनील उजेडही एकच नसतो. त्याच्या लहरी आखूड असतात, मध्यम असतात, लांब असतात, आणि तोच दगड प्रत्येकीला वेगळा जाब देतो. एमिलनं दिव्यांची नावंच ठेवली होती: आखूड, मधला आणि लांब.

"क्लबातले सगळे फक्त आखूड लावतात," तो म्हणाला. "त्यात रंग सगळ्यात झगझगीत. लोक वाहवा करतात आणि पुढे जातात. मला रंगाचा उपयोग नाही, म्हणून मी बाकीचं बघणार."

मी पहिला दगड आखूड दिव्याखाली धरला. "हा लाल…"

"रंग सांगू नकोस!" तो खेकसला. "नाव कागदावर लिहून ठेव. मी चुकलो तरच सांग."

मग सुरू झालं. आखूड दिव्यात किती उजळतो. मधल्यात मंदावतो का. लांबमध्ये मरतो का जिवंत राहतो. आणि दिवा बंद केल्यावर? इथे तो मोठ्यानं आकडे मोजायचा. कॅल्साइट आखूडमध्ये पेटायचा, लांबमध्ये जवळपास विझायचा, आणि दिवा बंद केला की पापणी लवते न लवते तोच गप्प. विलेमाइट मात्र कधी कधी दिवा बंद केल्यावरही रेंगाळायचा, दहा, वीस, एकदा तर तीनशेपर्यंत मोजलं आम्ही. स्फॅलेराइट उलट्या तऱ्हेचा. आखूडमध्ये झोपाळू, लांबमध्ये खडबडून जागा. शंका आली की एमिल खिडकीच्या काचेचा एक तुकडा मध्ये धरायचा. साध्या काचेतून आखूड लहरी जात नाहीत. दगड काळा पडला तर तो आखूडचाच, नाही पडला तर त्याचं नातं लांबशी.

सगळ्यात छळलं ते एस्पेराइटनं. तो लिंबासारखा पिवळा पेटतो आणि एमिलला विलेमाइट आणि तो सख्खे भाऊ वाटायचे. सहा आठवडे तो त्यातच अडकला होता. दहापैकी चार चुका. एकदा त्यानं दगड टेबलावर असा आपटला की दिवा हलला.

"सोड रे," मी म्हटलं. "एस्पेराइट दुर्मिळ आहे. परीक्षेत मिसेस ऑर्टन एखादाच ठेवतील."

"ती बाई चार ठेवेल. मी असतो तर मीही ठेवले असते."

शेवटी बोटं आणि भिंग मदतीला आली. एस्पेराइटची चमक जरा मेणचट, आणि दिवा बंद केल्यावर तो जराही रेंगाळत नाही. "हा पाहुणा दारातूनच परत जातो," एमिल म्हणाला, आणि त्या दिवशी दहाच्या दहा बरोबर आले. आम्ही वर येऊन सँडविचं खाल्ली, डुकराच्या मांसाची, अंडं आणि चीज घातलेली, आणि तो कितीतरी दिवसांनी गुणगुणत होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र मला धीर निघेना. मी म्हटलं, "एमिल, मी मागे बसणार आहे. लाल असेल तर एकदा खोकेन, हिरवा असेल तर दोनदा. ऐन मार्चात सगळेच खोकतात. कोण लक्ष देतंय?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड कुठे लपवू कळेना. "आणि पुढे? दर शनिवारी माझ्यामागे खोकत बसणार आहेस?"

"मी आपलं…"

"तू उद्या बाहेर थांब. दाराबाहेर."

शेवटी मी गप्प बसेन या अटीवर त्यानं मला आत येऊ दिलं.

शनिवारी सकाळी दहाला चर्चच्या तळघरातली कोठी पूर्ण काळोखी केली होती. क्लबातले पंधरा-सोळा जण भिंतीला टेकून उभे. टेबलाच्या एका बाजूला एमिल, दुसऱ्या बाजूला मिसेस ऑर्टन. त्यांच्याकडे एक लहानसा टॉर्च आणि यादी. एमिल उत्तर द्यायचा, त्या टॉर्च यादीवर मारायच्या आणि "बरोबर" म्हणायच्या, अगदी कोरड्या आवाजात.

पहिला कॅल्साइट. बरोबर. दुसरा विलेमाइट. बरोबर. तिसऱ्याला त्यानं तिन्ही दिवे लावले, काच धरली, दिवा बंद करून मनात मोजलं आणि म्हणाला, "स्फॅलेराइट." बरोबर. डेल सुरुवातीला कुजबुजत होता, "अंदाजपंचे दाहोदरसे." सातव्यानंतर तो कुजबुजायचा थांबला. एस्पेराइट तीन निघाले. तिन्ही त्यानं ओळखले.

चौदाव्याला त्यानं खूप वेळ घेतला. "क्लिनोहेड्राइट," तो म्हणाला.

टॉर्च लागला. "चूक. वॉलस्टोनाइट." दोन्ही नारिंगी पेटतात आणि दोन्ही दिवा बंद केल्यावर रेंगाळतात. चांगले डोळस लोकही तिथे घसरतात. पण चूक ती चूक. आता एकही चालणार नव्हती.

पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. सगळे बरोबर.

विसावा दगड मिसेस ऑर्टननी टेबलाखालून दोन्ही हातांनी काढला. आम्हा सगळ्यांना तो ठाऊक होता. त्यांच्या दिवाणखान्यातल्या कपाटात मधोमध असायचा. पांढऱ्या कॅल्साइटवर करंगळीएवढा विलेमाइटचा एकुलता एक स्फटिक, ताठ उभा. आखूड दिव्याखाली लाल अंगणात हिरवी मेणबत्ती लावल्यासारखा दिसतो. त्यांचे दिवंगत यजमान वॉरन यांनी तो त्यांना लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिला होता. मला वाटतं, त्यांनी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. सोपा दगड, गोड शेवट.

एमिलनं आखूड लावला. बंद केला. मधला लावला. "खाली कॅल्साइट," तो म्हणाला. "वर विलेमाइट."

"बरोबर," मिसेस ऑर्टन म्हणाल्या. आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच ऊब आली. कुणीतरी टाळी वाजवायला हातही उचलले.

पण एमिलचा हात लांब दिव्याकडे गेला होता. त्यानं तो लावला, दगड फिरवला, भिंग डोळ्याला लावलं. मी त्याच्या मागून बघत होते. मला काही विशेष दिसलं नाही. स्फटिकाच्या बुडाशी पुसट निळसर काहीतरी. ज्याला निळाच तेवढा लख्ख दिसतो त्याला किती दिसलं असेल, ते मला नंतर कळलं.

"पण हे दोन्ही एकत्र वाढलेले नाहीत," एमिल म्हणाला. "चिकटवलेत."

"काय?"

"बुडाशी निळसर पांढरी रेघ आहे, अख्खी गोल. डिंकाची आहे."

"ते हायड्रोझिंकाइट असेल," मिसेस ऑर्टन लगेच म्हणाल्या. "त्याचा थर निळाच उजळतो. एवढंही माहीत नाही?"

"माहीत आहे. तो आखूडमध्ये जोरात उजळतो आणि लांबमध्ये मंद. हे उलटं आहे. आखूडमध्ये काहीच नव्हतं, लांबमध्ये पेटलंय. तुम्हीच बघा."

त्यांनी बघितलं नाही. टॉर्च लावून त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "एमिल साबोल, हा दगड पंचवीस वर्षं माझ्या घरात आहे."

"हो, मला माहीत आहे."

डेल पुढे झाला आणि एमिलच्या कानाशी म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू आलं, "अरे, दोन्ही नावं सांगितलीस ना? पास झालास की! बस कर आता."

"मी तुला विचारलं, यात काय आहे," मिसेस ऑर्टन म्हणाल्या. "चिकटवल्याचं मागे घे. नाहीतर विसावं चूक धरावं लागेल मला."

एमिल उभा राहिला. काळोखात मला त्याचा नुसता आकार दिसत होता. "उद्या कुणी त्या टेबलावर असा दगड आणला आणि मी गप्प बसलो, तर मला तिथे बसवून उपयोग काय? तुमची यादी तुमच्या हातात आहे. मला जे दिसलं ते मी सांगितलं."

मग यादीवर पेन्सिल ओढल्याचा आवाज आला.

"अठरा," त्या म्हणाल्या. "नापास."

त्या दिवशी मी गाडीत रडले आणि त्याला वाट्टेल ते बोलले. गाढवा म्हटलं, हट्टी रेड्या म्हटलं. "एक वाक्य गिळलं असतंस तर काय बिघडलं असतं? त्या म्हाताऱ्या बाईच्या नवऱ्याची आठवण आहे ती!"

"म्हणूनच तर मला वाईट वाटतंय," एमिल म्हणाला. "पण खोटं नाही ना ते?" आणि घरी गेल्यावर त्यानं काय करावं? चार वॉलस्टोनाइट आणि चार क्लिनोहेड्राइट काढले आणि तळघरात जाऊन बसला. चौदावा का चुकला ते त्याला बघायचं होतं.

पुढच्या सभेला त्यानं बोलल्याप्रमाणे कॉफी केली. खरंच वाईट होती. सगळ्यांनी मुकाट प्यायली, डेलनंही. मिसेस ऑर्टन आल्याच नव्हत्या.

त्यानंतरच्या गुरुवारी, चारच्या सुमाराला, मी एमिलच्या स्वयंपाकघरात अक्रोडाचं सारण भरून ओरेखोव्हनिकची गुंडाळी करत होते. दार वाजलं. बघते तर मिसेस ऑर्टन. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मी घाईघाईनं पिठाचे हात पुसले. त्या न विचारता खुर्चीवर बसल्या आणि टॉवेल उघडला. आत दोन वस्तू होत्या, कॅल्साइट वेगळा आणि स्फटिक वेगळा.

"नखांचं पॉलिश काढायच्या द्रवात ठेवला होता," त्या म्हणाल्या. "सहा दिवस. आज सकाळी बरणी उघडली तर हा आडवा पडला होता."

मी चहाचं पाणी ठेवलं.

"लांब दिवा मी आयुष्यात त्याच्यावर धरला नाही," त्या म्हणाल्या. "आखूडमध्ये तो इतका सुंदर दिसायचा. कशाला धरेल कुणी?" मग एमिलकडे न बघता, "वॉरननं मला सांगितलं होतं की हा त्यानं स्वतः ढिगाऱ्यातून काढला. कदाचित काढताना स्फटिक तुटला असेल आणि त्यानं तो परत बसवला असेल. असं होतं ना? होतं असं."

"होतं," एमिल म्हणाला. "बघू का?"

त्यानं दोन्ही तुकडे खिडकीशी नेले, भिंगातून बघितले, स्फटिकाचं बूड अंगठ्यानं चाचपलं. मी त्याच्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होते: हो म्हण, मेल्या, आता तरी हो म्हण.

तो परत येऊन त्यांच्यासमोर बसला. "मिसेस ऑर्टन, तुटलेलं बूड खडबडीत असतं आणि खालच्या खळग्यात बसतं. हे घासून सपाट केलंय. खाली खळगाच नाही. हे कुणीतरी बनवलंय. वॉरननी बनवलं की त्यांना कुणी फसवलं, ते दगड सांगू शकत नाही."

मी मान फिरवली. मला वाटलं, त्या उठून जाणार. त्या उठल्या नाहीत. टॉवेलाच्या कडेला बोट फिरवत बसल्या.

"स्फटिक खरा आहे," एमिल हळूच म्हणाला. "इथलाच आहे. एवढा मोठा मी खाणीत दोनदाच पाहिला. कॅल्साइटही इथलाच. दोन्ही चांगले आहेत. फक्त एक नाहीत."

"ते मला आता दिसतंय," मिसेस ऑर्टन म्हणाल्या. मी चहा दिला, त्यांनी तो पूर्ण प्यायला. मग त्यांनी पर्समधून घडी केलेली यादी काढली, तीच परीक्षेची, आणि एमिलसमोर पसरली. विसाव्या ओळीवरची फुली खोडून त्यांनी बरोबरची खूण केली होती आणि खाली सही होती.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "चौदावा चूकच आहे, तो मी बदलणार नाही."

"बदलूही नका. तो मी खरंच चुकलो होतो."

"शनिवारी नऊला ये. टेबल आपल्याला उचलून आणावं लागतं, आधी सांगते." त्यांनी सकाळी भाजलेल्या गुंडाळीचा एक तुकडा खाल्ला, दुसरा मागितला आणि माझी कृती लिहून घेतली. दोन्ही दगड मात्र त्यांनी परत नेले नाहीत. म्हणाल्या, "क्लबाच्या टेबलावर ठेव. शिकणाऱ्यांना दाखवायला. वेगवेगळे."

त्यानंतर क्लबानं नियमच केला की टेबलावरचा दगड तिन्ही दिव्यांखाली बघितल्याशिवाय त्याचं नाव सांगायचं नाही. डेलनं आपलं दगडांचं अख्खं कपाट एका रविवारी एमिलपुढे रिकामं केलं. त्यातले दोन दगड चिकटवलेले निघाले, आणि ते ज्यानं विकले त्याला तो अर्धा तास शिव्या देत होता.

एमिलच्या पहिल्या शनिवारी रांग दारापर्यंत होती. कुतूहल, दुसरं काय! पहिली आली ती शेजारच्या न्यूटन गावाहून आलेली एक तरुण बाई, तिच्या घराच्या पायऱ्यांखाली सापडलेला दगड घेऊन. एमिलनं खोलीतला दिवा मालवला, आखूड लावला, मग मधला, मग लांब, मग सगळे बंद करून थोडा थांबला आणि पुन्हा आखूड लावला.

"हा कॅल्साइट आणि हा विलेमाइट," त्यानं बोटानं दाखवलं. "जोडलेला नाही. अस्सल आहे."

"किती सुंदर!" ती म्हणाली. "पण यातला लाल नेमका कुठपर्यंत आणि हिरवा कुठून?"

"ते तुम्ही मला सांगा," एमिल मोठ्यानं म्हणाला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "मला लाल-हिरवं कळत नाही."

मग वाकून, बोट लावून, अगदी सावकाश ती त्याला सांगू लागली की लाल कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो. एमिल भिंग बाजूला ठेवून ऐकत होता. त्या टेबलावर तो पुढे नऊ वर्षं बसला.